पुडी विकणाऱ्याला फाशी दिली की झालं?

गेल्या पावसाळ्यात आमच्या मुळशीतल्या एका गावात बावीस वर्षांच्या एका पोराला मिट्टी दिली. बाप भूगाव-भुकूमच्या सोसायट्यांना पाण्याचे टँकर पुरवतो. पोरगं पिरंगुटच्या एका कंपनीत कामाला होतं. मयतीला आलेल्यांना हार्ट अटॅक एवढंच सांगण्यात आलं होतं. बावीस वर्षांच्या पोराला हार्ट अटॅक कसा आला, हे कोणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, कारण निम्म्या गावाला माहीत होतं.

कब्रस्तानातून बाहेर पडताना एक बुजुर्ग चाचा मोठ्याने बोलले, "ही पुडी विकणारी हरामखोर औलाद चौकात लटकवली पाहिजे. दोघातिघांना फाशी द्या, बघा कसं बंद होतं सगळं." आजूबाजूच्या सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. ताज्या कबरीजवळ वाद घालायचा नसतो, आणि त्या क्षणी मलाही तसंच वाटत होतं.

चौथ्या दिवशी त्या पोराचा एक मित्र माझ्याकडे आला. त्याला मी लहानपणापासून ओळखतो. खुर्चीवर न बसता दारातच उकिडवा बसला आणि म्हणाला, "चाचा, पुडी मीच आणली होती."

त्याने जे सांगितलं ते असं. पाच जणांनी पैसे जमा केले. हा पुण्यात जाऊन एमडी घेऊन आला. धरणाकडच्या एका फार्महाऊसवर पार्टी झाली, दारूही होती. रात्री एकच्या सुमाराला त्या पोराचं अंग भट्टीसारखं तापलं, दात घट्ट बसले, झटके आले. कोणीतरी म्हणालं, १०८ लाव. दुसरा म्हणाला, वेडा आहेस का, मागून पोलीस येतील, सगळे आत जाऊ. मग दोन तास त्याच्या तोंडावर पाणी मारलं, लिंबू पाजायचा प्रयत्न केला. तो निपचित पडला तेव्हा गाडीत घातलं, एका दवाखान्याच्या गेटाजवळच्या बाकावर ठेवलं, वॉचमनला "चक्कर आली" म्हणून सांगितलं आणि सगळे निघून गेले.

हे सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "मी त्याचा खून केला का?"

चाचांची मागणी आणि या पोराचा प्रश्न एकत्र धरला की विषय दिसतो तितका सोपा राहत नाही. ज्याच्या पुडीने माणूस मेला त्याला कायद्याने काय शिक्षा द्यावी? आणि "ज्याची पुडी" म्हणजे नेमका कोण?

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. अमली पदार्थांसाठी आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. त्यातली शिक्षा वजनावर ठरते. एमडी म्हणजे मेफेड्रोन. २ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. ५० ग्रॅमच्या वर व्यापारी प्रमाण, शिक्षा किमान दहा आणि कमाल वीस वर्षं. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत. हेच एमडी २०१५ च्या सुरुवातीपर्यंत या कायद्याच्या यादीतही नव्हतं. मुंबईत 'म्याव म्याव' या नावाने ते पोरापोरांत फिरत होतं आणि पोलीस हात चोळत बसले होते.

या सगळ्या वजनांच्या हिशेबात एक गोष्ट नाही, ती म्हणजे मृत्यू. दोन ग्रॅम विकून माणूस मेला किंवा जगला, या कायद्याच्या लेखी फरक पडत नाही. मृत्यूची जबाबदारी लावायची तर साध्या फौजदारी कायद्याकडे यावं लागतं. पूर्वीचं भादंवि कलम ३०४, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध. आपल्या कृत्याने माणूस मरू शकतो याची जाणीव असताना ते केलं, हे सिद्ध झालं तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा होते.

हे कलम कागदावरच आहे असंही नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभरहून अधिक माणसं मेली. बहुतेक रोजंदारीवरची, गरीब वस्तीतली. चौदा जणांवर खटला चालला. २०२४ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने चौघांना दोषी धरून दहा वर्षांची सक्तमजुरी दिली आणि दहा जण सुटले. गोव्यात फेब्रुवारी २००८ मध्ये हणजुणेच्या किनाऱ्यावर स्कार्लेट कीलिंग ही पंधरा वर्षांची ब्रिटिश मुलगी मृतावस्थेत सापडली. तिला अमली पदार्थ देऊन तशाच अवस्थेत किनाऱ्यावर सोडून दिल्याचा आरोप होता. २०१६ मध्ये खालच्या कोर्टाने दोन्ही आरोपींना सोडलं. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यातल्या एकाला सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरून दहा वर्षांची शिक्षा दिली.

म्हणजे शिक्षा होऊ शकते. पण मालवणीला नऊ वर्षं लागली आणि गोव्याला अकरा. विकणाऱ्याला भीती वाटायची असेल तर ती दहा वर्षांच्या आकड्याने वाटेल की अकरा वर्षांनी लागणाऱ्या निकालाने, याचा विचार चाचांनी करावा.

आता फाशीकडे येतो. एनडीपीएस कायद्यात फाशी आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. १९८९ मध्ये कलम ३१-अ घातलं गेलं. ठरावीक मोठ्या प्रमाणात दुसऱ्यांदा सापडलेल्याला फाशीच, न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नाही. या कलमाखाली २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने चरसच्या गुन्ह्यात एका माणसाला फाशी सुनावली. जून २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही सक्ती घटनेत बसत नाही, असं सांगितलं आणि शिक्षा निवडण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला. २०१४ मध्ये संसदेनेही तशी दुरुस्ती केली. फाशी अजूनही कायद्यात आहे, फक्त सक्तीची नाही. तिच्याखाली आजवर एकही माणूस फासावर गेलेला नाही. आणि ती पंचवीस वर्षं सक्तीची होती त्याच काळात हा धंदा चरस-गर्दवरून एमडीच्या कारखान्यापर्यंत पोचला.

शेजारच्या गुजरातने दारूच्या बाबतीत हाच प्रयोग केला. २००९ च्या अहमदाबादच्या विषारी दारूकांडानंतर तिथे कायदा बदलून, विषारी दारूने मृत्यू झाल्यास फाशीपर्यंतची तरतूद केली. जुलै २०२२ मध्ये बोटादकडे पुन्हा चाळीसहून अधिक माणसं मेली. दारूऐवजी सरळ कारखान्यातलं मिथेनॉलच पुड्यांत भरून विकलं गेलं होतं.

अमेरिकेचं उदाहरण आमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचं. जून १९८६ मध्ये लेन बायस हा नामांकित बास्केटबॉलपटू कोकेनने मेला. देश हादरला आणि त्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा केला: विकलेल्या पदार्थाने मृत्यू झाला तर किमान वीस वर्षं. हा कायदा लागू असतानाच २०२१ ते २०२३ या काळात तिथे दरवर्षी एक लाखाहून अधिक माणसं अतिसेवनाने मेली. पकडले कोण गेले? अनेक खटल्यांत कारखानदार नव्हे, तर मेलेल्या माणसाबरोबर बसून तीच पुडी वाटून घेणारा मित्र, भाऊ, नवरा किंवा प्रेयसी. कारण मृतदेहाशेजारी तेच सापडतात. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की मृताच्या अंगात चार पदार्थ सापडले असतील, तर 'याने हातभार लावला' एवढं पुरणार नाही. हा पदार्थ नसता तर तो मेला नसता, हे सिद्ध करा.

आमच्याकडे कोणी लगेच म्हणेल, अमेरिकेचं सोडा, इस्लामी मुल्कांत बघा, तिथे थेट गर्दन. बघू या. इराणने या गुन्ह्यासाठी हजारो माणसं फासावर चढवली. तरीही अफूचं व्यसन सर्वात जास्त असलेल्या देशांत इराणचं नाव आहे. शेवटी २०१७ मध्ये तिथल्याच संसदेने कायदा बदलून फाशीसाठी लागणारं वजन वाढवलं.

आणि फिक्ह काय म्हणतो? मी आलिम नाही, पण जे शिकलो ते सांगतो. गांजा, अफू, रसायनं यांच्या विक्रीसाठी ठरलेली हद्द नाही. ते प्रकरण ताजीरमध्ये येतं, म्हणजे काजीने गुन्हा आणि गुन्हेगार पाहून शिक्षा ठरवायची. मृत्यूच्या जबाबदारीबाबत फुकहांनी दोन माणसांत फरक केला आहे: मुबाशिर, म्हणजे स्वतः कृत्य करणारा, आणि मुतसब्बिब, म्हणजे त्याला कारण ठरणारा. दोघे असतील तेव्हा जबाबदारी आधी प्रत्यक्ष करणाऱ्याकडे जाते. स्वतःच्या हाताने पुडी घेणारा शहाणा, वयात आलेला माणूस असेल, तर विकणारा गुन्हेगार ठरतो, पण तो सरळ कातिल ठरत नाही. पेल्यात गुपचूप मिसळून दिलं, लहान मुलाला दिलं, विष आहे हे माहीत असून दारू म्हणून विकलं, तर गोष्ट वेगळी. मालवणी आणि हणजुणेच्या निकालांत शिक्षा झाली ती अशाच फरकावर. आमची जुनी किताब आणि आजचं कोर्ट इथे एकमेकांपासून फार लांब नाहीत.

दुसरी गोष्ट आम्ही प्रत्येक जलशात ऐकतो आणि तिथेच सोडून येतो. शराबच्या बाबतीत रसूलुल्लाहांनी दहा जणांवर लानत केल्याची हदीस आहे. त्यात पिणारा आहे, विकणारा आहे, तसाच गाळणारा आहे, वाहून नेणारा आहे, ज्याच्यासाठी नेली जाते तो आहे आणि तिच्या पैशावर जगणारा आहे. चौदाशे वर्षांपूर्वी सांगितलेली ही पुरवठ्याची साखळी आहे. आम्ही मात्र त्यातला फक्त शेवटचा हात पकडतो आणि फाशी त्यालाच मागतो.

वरचे हात कुठे आहेत ते पुणेकरांना शोधायला लांब जायला नको. २०२० मध्ये चाकणच्या एमडी प्रकरणात पकडलेला आरोपी ललित पाटील येरवड्यातून ससूनमध्ये उपचारासाठी येऊन महिनोन् महिने राहिला. ३० सप्टेंबर २०२३ ला ससूनच्या बाहेर दोन कोटींहून अधिक किमतीचं एमडी सापडलं. २ ऑक्टोबरला तो पळाला आणि पंधरा दिवसांनी दक्षिणेत सापडला. दरम्यान नाशिकजवळ शिंदे गावात एमडीचा कारखाना उघडकीला आला. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी सोमवार पेठेतल्या एका छोट्या कारवाईवरून धागा धरला आणि तो थेट दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत पोचला. पुणे, कुरकुंभ, सांगली आणि दिल्ली मिळून सतराशे किलोंहून अधिक एमडी जप्त केल्याचं पोलिसांनी सांगितलं, किंमत साडेतीन हजार कोटींच्या वर. हे खटले न्यायालयात आहेत, दोषी कोण ते न्यायालय ठरवील. पण एवढं दिसतं की रसायन जाणणारा, जागा देणारा, पैसा लावणारा, ट्रकने पोचवणारा आणि डोळेझाक करणारा नसेल तर आमच्या गावच्या पोराच्या हातात दोन ग्रॅमची पुडी येत नाही.

कुरकुंभच्या तपासात पोलिसांनी छोट्या माशाला पकडून तिथेच फोटो काढले असते तर कारखाना चालूच राहिला असता. ते वर चढले म्हणून कारखाना सापडला. मृत्यूच्या प्रकरणातही असंच वर चढावं लागेल. 'मृत्यू झाला की विकणाऱ्याला फाशी' असा कायदा झाला तर तपास सगळ्यात जवळच्या हातापाशी थांबेल, कारण खुनी तिथेच मिळालेला असेल. माझ्या दारात बसलेल्या पोराला फाशी होईल. ज्याने त्याला विकलं तो दुसऱ्या नाक्यावर उभा राहील.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुढच्या वेळी कोणी दोन तास थांबणारही नाही. एक वर्षाच्या शिक्षेच्या भीतीने त्या पाच जणांनी १०८ लावली नाही. फाशीच्या भीतीने त्यांनी त्याला दवाखान्याच्या बाकावर तरी आणलं असतं का? धरणाच्या पाण्यात टाकला असता. हे लिहिताना हात कापतो, पण मुळशीच्या घाटातल्या पावसाळ्यात एक देह नाहीसा करायला किती वेळ लागतो?

मग मागायचं काय? मृत्यूला कारण ठरणाऱ्याला सोडून द्या, असं मी म्हणत नाही.

पहिलं, जो अडचणीत सापडलेल्याला दवाखान्यात आणतो किंवा १०८ लावतो, त्याच्यावर सेवनाचा आणि अल्प प्रमाणाचा गुन्हा लावू नये. हे अशक्य नाही. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला पोलीस आणि कोर्टाच्या जाचापासून वाचवणारं कलम १३४-अ मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलंच आहे. एनडीपीएस कायद्यातही कलम ६४-अ आहे. स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनीला ते खटल्यापासून वाचवतं. पण दुसऱ्याला उचलून आणणाऱ्या मित्रासाठी त्यात काही नाही. एवढी एक ओळ वाढली असती तर ते पोरगं कदाचित वाचलं असतं.

दुसरं, सदोष मनुष्यवधाचं कलम आहे तेच वापरा, पण योग्य माणसावर. माल जहाल आहे किंवा भेसळीचा आहे हे माहीत असून तो बाजारात सोडणारा, त्याआधी कोणी मेल्याचं ऐकूनही तोच माल विकणारा, फसवून किंवा लहान मुलाला देणारा. अशांसाठी दहा वर्षं कमी वाटत असतील तर त्यावर जरूर चर्चा करू.

तिसरं, निकाल लवकर लावा. त्यासाठी शवविच्छेदनात रसायनं नीट तपासली गेली पाहिजेत, प्रयोगशाळेचा अहवाल वेळेवर आला पाहिजे. आणि इथे आमचीही चूक आहे. 'हार्ट अटॅक' म्हणून घाईघाईने मिट्टी देणारे आम्हीच. बदनामी नको, पोस्टमार्टेम नको, बहिणीचं लग्न मोडेल. घरच्यांच्या दुःखात मी त्यांना दोष देत नाही. पण मयत दडपली की गुन्हाही दडपतो आणि विकणारा वाचतो.

चौथी गोष्ट आमच्या समाजाशी. पकडलेल्यांच्या यादीत एखादं मुस्लिम नाव आलं की टीव्हीवर लगेच 'ड्रग्ज जिहाद' सुरू होतो. ते ऐकून आमचं रक्त तापतं आणि आम्ही म्हणतो, आमची पोरं अडकवली जातात. काही वेळा ते खरंही असतं. पण टीव्हीला उत्तर देण्याच्या नादात आपल्या मोहल्ल्यात पुडी येते हे बोलायचं राहून जातं. मुळशीत जमिनी विकल्या गेल्या, गुंठ्यांचे पैसे आले आणि संपले, फार्महाऊस उभे राहिले, शनिवार-रविवारी शहर इथे नशा करायला येतं. त्या गाड्यांना रस्ता दाखवणारी, किल्ल्या सांभाळणारी, 'सामान' आणून देणारी पोरं आपलीच आहेत, मराठा, धनगर, मुलाणी, सगळ्यांची. नशा जात विचारत नाही.

त्या पोराला मी काय सांगितलं? म्हणालो, "तू खुनी नाहीस. पण तू पुडी आणलीस हा गुन्हा आहे, आणि ते दोन तास तुझ्यावर आयुष्यभर राहतील. ज्याच्याकडून आणलीस त्याचं नाव सांगायला तयार आहेस का?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, वकील बरोबर असेल तर सांगेन. दुसऱ्या आठवड्यात आम्ही एका वकिलांना घेऊन गेलो. पुढचं इथे लिहिणं बरोबर नाही.

मशिदीत वजूच्या नळांजवळ फळा आहे, तिथे नमाजच्या वेळा लिहितात. इमामसाहेबांना विचारून आता त्याखाली चार ओळी लिहिल्या आहेत: अंग तापलं, झटके आले, श्वास मंदावला तर १०८ लावा. कुशीवर झोपवा. तोंडात काही घालू नका. काय घेतलं ते डॉक्टरला खरं सांगा. फाशीवाले चाचा त्या शुक्रवारी फळ्यासमोर उभे राहून वाचत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "हे बाहेरच्या भिंतीवर पण लिहा. जी पोरं आत येत नाहीत त्यांच्यासाठी."